परिचारिकेच्या सेवेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

येडशीसारख्या गावात आज परिचारिका घरी आली की तिचे स्वागतच होते. बाळाला लस टोचणारी, बाळंतिणीची विचारपूस करणारी ती घरातलीच वाटते. शंभर वर्षांपूर्वी हे चित्र नव्हते. परक्या रुग्णाला स्पर्श करणे, रात्रपाळी करणे हे कुलीन स्त्रीला अशोभनीय मानले जाई. रुग्णालयांतील ही सेवा बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन व एतद्देशीय ख्रिस्ती भगिनी करीत. हा समज मोडण्यासाठी झटलेल्या स्त्रियांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे.

रमाबाईंचा जन्म 1862 साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे झाला. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून त्या मराठी व इंग्रजी शिकल्या. 1901 मध्ये न्यायमूर्ती निवर्तले. पुढील आयुष्य त्यांनी निराधार स्त्रियांसाठी वाहिले.

1909 साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. विधवेला दया नको, स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण हवे, अशी रमाबाईंची धारणा होती. 1911 पासून सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. घरोघरी जाऊन पालकांची मने वळविणे हे त्यातील सर्वांत कठीण काम होते. एका समारंभात बक्षीस घेण्यास आलेल्या विधवा विद्यार्थिनीची तरुणांनी टर उडविली, तेव्हा रमाबाईंनी भरसभेत त्यांच्या शिक्षणालाच जाब विचारला. 1924 साली त्यांचे निधन झाले.

आज परिचारिका अतिदक्षता विभागातील यंत्रे सांभाळते, रुग्णाच्या प्रकृतीतील बदल अनेकदा सर्वप्रथम तीच टिपते. तिची जबाबदारी वाढली, परंतु तिला केवळ डॉक्टरांची मदतनीस समजण्याची सवय अद्याप गेलेली नाही. रात्रपाळीमुळे मुलीचे लग्न जमणार नाही, ही चिंता आजही काही घरांत ऐकू येते.

प्रिय वाचकहो, आपल्या अनेक धर्मग्रामांत परिचारिका आहेत. त्यांच्या सेवेचे आपण कौतुक करतो. त्याबरोबरच त्यांच्या ज्ञानाचा मान राखू या आणि या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या पाठीशी उभे राहू या.