मिरजेचे धन्वंतरी : सर विल्यम वॉनलेस

शस्त्रक्रिया हा शब्द आज सर्वांच्या परिचयाचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तो कानी पडताच घरात रडारड सुरू होई. अशा काळात मिरज या संस्थानी गावाला वैद्यकनगरीचा लौकिक मिळवून देणारे थोर शल्यचिकित्सक म्हणजे डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस.

त्यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ साली ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सांगलीतील लहानशा दवाखान्यापासून त्यांनी कार्यारंभ केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे रेल्वे इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीसाठी देणगी दिली आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले.

इमारत उभी राहिली, तरी लोकांचा विश्वास संपादन करावयाचा होता. त्या कामी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने मोठा हातभार लावला. हाताला धरून आणलेला रुग्ण स्वतःच्या पायांनी वाट पाहत गावी परतला, की त्याहून निराळ्या प्रचाराची गरज उरत नसे. डॉ. वॉनलेस यांनी अशा हजारो शस्त्रक्रिया केल्या. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. परंतु मिरजेस येणारे रुग्ण सर्व जातिधर्मांचे होते. तेथे त्यांना ओढून आणत होती ती व्याधीतून सुटण्याची आशा.

एका डॉक्टरचे दोन हात किती रुग्णांना पुरणार? हा प्रश्न त्यांनी वेळीच ओळखला. १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू करून आपली विद्या येथील तरुणांच्या हाती दिली. क्षयरोगावर गुणकारी औषध उपलब्ध नव्हते, त्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी सांगली-मिरज दरम्यान आरोग्यधाम स्थापन झाले. तो परिसर वॉनलेसवाडी या नावाने ओळखला जाऊ लागला.

मराठवाड्यालाही मिरजेची वाट पुढे सुकर झाली. बार्शी लाईट रेल्वेचा छोटा रूळमार्ग १९११ साली लातूरला आला होता. १९२७ साली पंढरपूरकडून त्याच मार्गाचे दुसरे टोक मिरजेस पोहोचले. निजामी राज्यातील लातूर आणि दक्षिण महाराष्ट्रातील ही वैद्यकनगरी अशा रीतीने एकाच लोहमार्गावर आली.

१९२८ साली डॉ. वॉनलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर ते निवृत्त झाले. ‘ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी आपले अनुभव नोंदविले. १९३३ साली कॅलिफोर्नियात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात रुग्णालयाचे काम थांबले नाही. डॉ. चार्ल्स व्हेल यांनी ती धुरा समर्थपणे वाहिली. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामागेही या रुग्णालयाने घडविलेली परंपरा होती. शल्यचिकित्सकाचे कौशल्य त्याच्या देहाबरोबर संपते. शिष्यांना दिलेली विद्या मात्र पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडते. भूमी देणारा, धन देणारा आणि विद्या देणारा असे तिघे एकत्र आले, की केवढे कार्य उभे राहते, याची साक्ष मिरज देते.