कर्मवीर भाऊराव पाटील : आधी बोर्डिंग, मग कॉलेज



तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपून रात्री हा पाठ वाचत असाल. शिकण्याची इच्छा असूनही शिक्षण मध्येच का सुटते, हे तुम्हांला निराळे सांगावयास नको. राहावयास जागा नसते, दोन वेळच्या जेवणाची शाश्वती नसते, फीचे पैसे उभे राहत नाहीत. आजच्या महाविद्यालयांत वसतिगृह, खानावळ, फीसवलत, विद्यार्थी कल्याण विभाग अशा व्यवस्था असतात आणि आपण त्यांना ‘सुविधा’ म्हणतो. हा शब्द मला अपुरा वाटतो. तो का अपुरा, हे भाऊरावांच्या चरित्रावरून तुमच्या ध्यानात येईल.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला होता; त्यामुळे खेड्यातील मुलाला शहरात शिकता येऊ लागले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. बोर्डिंग लाभणे म्हणजे काय आणि ते हिरावले जाणे म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवल्या. स्वतः ते मॅट्रिक होऊ शकले नाहीत.

पुढे त्यांनी ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर गावोगाव पोहोचवले. या फिरतीत खेड्यांतील दैन्य आणि निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. १९१० च्या सुमारास दूधगाव येथे त्यांनी सहकाऱ्यांसमवेत विद्यार्थी आश्रम काढला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. येथे एका शब्दापाशी थोडे थांबू. ‘रयत’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. राज्यकर्त्याच्या दृष्टीने रयत म्हणजे सारा भरणारी प्रजा. भाऊरावांनी ते शिक्षण घेणाऱ्यांचे नाव केले. सत्यशोधक विचारांत वाढलेल्या माणसाने हा शब्द सहज निवडला असेल, असे मला वाटत नाही.

१९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळी सभेत समतेचे समर्थन करणारे पुष्कळ होते. पंगतीत ते टिकवणारे थोडे होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या बोर्डिंगला भेट दिली. परंतु बोर्डिंग प्रत्यक्षात कोणाच्या हातांवर चालले, हे पाहावयाचे तर लक्ष्मीबाईंकडे पाहावे लागेल. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आईची माया दिली. धान्य संपले की एकेक दागिना मोडला. अखेरीस मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांचे चरित्र लिहिताना त्यांच्या त्यागाचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. संस्थेचा खजिना रिकामा होता तेव्हा हे दागिनेच तिचे अनुदान होते.

तथापि दागिन्यांवर किंवा देणग्यांवर संस्था फार काळ चालत नाही. म्हणून भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली. विद्यार्थ्यांनी माळरान खोदून शेते तयार केली, भाजीपाला पिकवला, इमारतींच्या बांधकामात हात लावला आणि त्या श्रमातून जेवणाचा व शिक्षणाचा खर्च भागवला. क्रियापदांचा क्रम पाहा : ‘कमवा’ आधी, ‘शिका’ नंतर. ज्यांच्या घरी उद्याची भाकरी ठरलेली नव्हती, त्यांच्या जीवनाचाच हा क्रम होता. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल या तत्त्वावर सुरू झाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. सामान्यतः आधी कॉलेज निघते आणि मुले दुरून येऊ लागली की वसतिगृहाचा विचार होतो. येथे बोर्डिंग तेवीस वर्षे आधीचे आणि कॉलेज मागाहूनचे.

या पद्धतीविषयी एक प्रश्न तुमच्या मनात यावा. सुखवस्तू मुलगा ज्या वेळी ग्रंथालयात वाचत बसतो, त्याच वेळी गरीब मुलाने कुदळ का चालवावी? भाऊरावांच्या दृष्टीने श्रम ही उपकाराच्या ओझ्यातून मुक्तता होती. घेतलेल्या घासाची परतफेड केलेला विद्यार्थी कोणापुढे मान खाली घालीत नाही. हे उत्तर मोठे आहे, पण प्रश्न त्याने पूर्णपणे मिटतो असे मी म्हणणार नाही. विद्यापीठांतून आज चालणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनांतील विद्यार्थी काम, तासिका आणि परीक्षा यांची ओढाताण रोज अनुभवतात. तुम्हीही अनुभवता.

१९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले आणि खेड्यापाड्यांतून मदत आली. अनुदान पुढे पूर्ववत झाले. १९५४ मध्ये कराडला संस्थेचे आणखी एक महाविद्यालय निघाले. त्यास गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेच्या बोर्डिंगांतून शेकडो मुले शिकत होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात तोवर कोणी शाळेची पायरी चढले नव्हते.