गरम तारेने वारा मोजणारा माणूस

गरम चहावर फुंकर मारली की तो लवकर निवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. याच साध्या गोष्टीच्या जोरावर विमानशास्त्रातलं एक मोठं कोडं सुटलं. ते सोडवणाऱ्यांत आघाडीवर होते ह्यू ड्रायडेन.

जन्म २ जुलै १८९८, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. आपण दहावीच्या क्लासला धावतो, त्या वयात हा मुलगा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत होता. १९१९ मध्ये, म्हणजे विसाव्या वर्षी, पीएचडी! नोकरी वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये.

तेव्हा एक घोळ होता. एकच गोळा वेगवेगळ्या विंड टनेलमध्ये ठेवला, की हवेचा विरोध वेगवेगळा यायचा. मग विमान बनवताना भरवसा कुठल्या आकड्यावर ठेवायचा?

ड्रायडेन आणि त्यांचे सहकारी क्यूथे यांनी केसाहून बारीक प्लॅटिनमची तार विजेने तापवून झोतात धरली. वारा वाढला की तार गार होते, तिचा विद्युतरोध घटतो. तो मोजला की वेग कळतो. पण झोत इतका भरभर थरथरतो की तार मागे पडते. मग तिचा हा आळस भरून काढणारं सर्किट त्यांनी जोडलं. हे काम १९२९ मध्ये प्रसिद्ध झालं. घोळाचं मूळ सापडलं: प्रत्येक टनेलमधली हवा कमी-जास्त खवळलेली होती.

पुढे टनेलमध्ये बारीक जाळ्या बसवून झोत शांत केला गेला. त्या शांततेत, १९४०च्या सुमारास, त्यांच्याच संस्थेतल्या शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड यांना सपाट पृष्ठभागालगतच्या हवेत उठणाऱ्या लाटा गरम तारेने टिपता आल्या. या लाटा वाढत गेल्या की हवा खवळते आणि पृष्ठभागावरचं घर्षण वाढतं. आज पृष्ठभागावरच तापवलेली पातळ फिल्म चिकटवून हे क्षणाक्षणाला बदलणारं घर्षण मोजतात. तत्त्व तेच.

१९५८ मध्ये नासा स्थापन झाली आणि ड्रायडेन तिचे उपप्रमुख झाले. १९६१ मध्ये कॅन्सर झाला, तरी काम सुटलं नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत शास्त्रज्ञांशी अंतराळ सहकार्याची बोलणी त्यांनीच केली. २ डिसेंबर १९६५ ला ते गेले. चंद्रावर पडलेलं पाऊल बघायचं राहूनच गेलं.

कॅलिफोर्नियातल्या नासाच्या उड्डाण संशोधन केंद्राला १९७६ मध्ये त्यांचं नाव मिळालं. २०१४ मध्ये ते बदलून नील आर्मस्ट्राँगचं दिलं गेलं, आणि ड्रायडेन यांचं नाव तिथल्या चाचणी क्षेत्राला आलं.

तेव्हा प्रॅक्टिकलला तुमचं आणि मित्राचं रीडिंग जुळलं नाही, तर त्याचं बघून आकडा खोडू नका. ते का जुळत नाही, हे आधी शोधा.