जॉन वेस्ली आणि त्यांचे घोडे

मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्यांचे उपदेश, त्यांचे बंधु चार्ल्स यांचीं गीतें, आणि १७३८ सालच्या मे महिन्याच्या २४ व्या तारखेस लंडनांतील आल्डर्सगेट रस्त्यावरील सभेंत त्यांच्या अंतःकरणास आलेला अनुभव, या गोष्टी मंडळ्यांतून वारंवार सांगितल्या जातात. परंतु ज्या मुक्या सोबत्यांच्या पाठीवर बसून त्यांनीं आपलें बहुतेक काम केलें, त्यांची आठवण क्वचितच कोणी करितो. आज आम्ही त्यांजविषयींच लिहिणार आहों.

वेस्ली यांचा जन्म १७०३ सालीं इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत एप्वर्थ या गांवीं झाला. वडील सॅम्युएल हे तेथील पाळक होते. मूल पांच वर्षांचें असतांना, १७०९ सालीं, घरास आग लागली आणि शेजाऱ्यांनीं त्यास खिडकींतून कसेंबसें बाहेर काढिलें. पुढें ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यास, मग अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत निराशेचें काम, हें सर्व आम्ही येथें सोडून देतों. १७३९ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं ब्रिस्टल येथें उघड्या मैदानांत उपदेश करण्यास आरंभ केला, आणि तेव्हांपासून जी भ्रमंती सुरू झाली ती मरेपर्यंत थांबली नाहीं.

या भ्रमंतीचा अजमास करणारे सांगतात कीं, त्यांनीं आयुष्यांत सुमारें अडीच लाख मैल प्रवास केला आणि चाळीस हजारांच्या आसपास उपदेश केले. पहाटे चार वाजतां उठावें, पांच वाजतां उपदेश करावा, मग खोगीर चढवून वीस-तीस मैलांची मजल मारावी आणि संध्याकाळीं दुसऱ्या गांवीं पुन्हां उभें राहावें, असा त्यांचा क्रम असे. वर्षाकाठीं चार-पांच हजार मैल होत. रस्ते चिखलाचे व खाचखळग्यांचे, हिवाळ्यांत बर्फ. उपदेशक आपल्या उत्साहानें तग धरितो. घोड्यास मात्र सुवार्तेचें काम तांतडीचें आहे हें कळत नाहीं, आणि कळत असतें तरी त्याच्या पायांत त्यामुळें अधिक बळ आलें नसतें. लोक वाट पाहत आहेत, वेळेवर पोंचलेंच पाहिजे, असें मनाशीं म्हणून जनावरास टांच मारणें चांगल्या माणसासही सोपें जातें. किंबहुना ज्याचा हेतु चांगला आहे त्यालाच तें अधिक सोपें जातें, असें आम्हांस वाटतें.

वेस्ली यांनीं हा धोका ओळखला होता. १७४४ सालापासून ते आपल्या उपदेशकांची परिषद भरवीत आणि तेथें प्रश्नोत्तरांच्या रूपानें नियम ठरत. त्यांत एक प्रश्न असा आहे कीं, आपले सर्व उपदेशक आपल्या जनावरांशीं दयेनें वागतात काय? उत्तरांत कोणाची भीड धरलेली नाहीं. बहुधा वागत नसावेत, अशी शंका तेथें स्पष्ट लिहिली आहे. मग प्रत्येकास दोन आज्ञा दिल्या आहेत. पहिली, घोडा कधींही भरधांव पिटाळूं नये. दुसरी, त्याला खरारा झाला कीं नाहीं, दाणावैरण मिळाली कीं नाहीं, आणि त्याच्याखालीं कोरडा बिछाना घातला कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

या दुसऱ्या आज्ञेंत वेस्ली यांचें व्यवहारज्ञान दिसून येतें. उपदेशक थकून भागून मुक्कामास येई. घरधनी त्यास आंत बोलावी, गरम जेवण पुढें ठेवी, आणि घोडा मोतद्दाराच्या हवालीं होई. मोतद्दारानें पुढें काय केलें, चंदी गव्हाणींत पडली कीं दुसरीकडे गेली, हें कोण पाहतो? घामानें निथळणारें जनावर तसेंच थंड वाऱ्यांत उभें राहिलें तर त्याचें अंग आखडतें. खोगिराखालीं घाम व धूळ वाळून राहिली तर दुसऱ्या दिवशीं पाठ सोलून निघते. म्हणून आधीं तबेला, मग जेवण. हल्लीं परदेशांत घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. तेथें ठराविक टप्प्यांवर पशुवैद्य घोड्याची नाडी पाहतात, त्यास चालवून पाहतात, आणि लंगडत असल्यास पुढें जाऊं देत नाहींत. वेस्ली यांच्या काळीं असा पंच कोणी नव्हता. स्वार हाच न्यायाधीश, आणि आरोपीही तोच. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांतील दहावें वचन आमच्या वाचकांनीं काढून पाहावें. परिषदेचा नियम त्याच मुळांतून निघाला आहे. (आमच्या खेड्यांतून पोळ्याच्या दिवशीं बैलास पुरणपोळी चारणारे पुष्कळ आहेत, पण ऐन नांगरटींत त्याच्या खांद्याची सूज रोज हात लावून पाहणारे किती, हें ज्याचें त्यानेंच मोजावें.)

वेस्ली स्वतः कसे वागत, हें त्यांच्या रोजनिशीवरून कळतें. १७४५ च्या फेब्रुवारींत ते लंडनहून उत्तरेस न्यूकॅसलकडे निघाले. वाटेवर बर्फ गोठून कांचेसारखें झालें होतें. अनेक ठिकाणीं त्यांस उतरून घोडे हातीं धरून चालावें लागलें. रात्रीं आठ वाजल्यानंतर ते गेट्सहेडच्या माळावर आले तों सर्वत्र पांढरें ओसाड रान. वाट म्हणून कोठें दिसेना. शेवटीं मागून आलेल्या न्यूकॅसलच्या एका भल्या माणसानें त्यांस शहरांत पोंचविलें. दोन वर्षांनीं, १७४७ च्या फेब्रुवारींत, स्टिल्टन येथें सकाळीं चाकरानें येऊन सांगितलें कीं, रात्रीं बर्फ पडून रस्ते बुजले आहेत, आज निघणें शक्य नाहीं. वेस्ली यांनीं उत्तर दिलें कीं, घोडे हातीं धरून दिवसाला वीस मैल तर चालतां येईल. आणि कधीं पायीं, कधीं घोड्यावर असे ते ग्रँथमपर्यंत गेले. काम थांबवावयाचें नाहीं हा त्यांचा हट्ट येथें दिसतो; परंतु त्या हट्टाचें ओझें वाहावयास ते स्वतःही खालीं उतरत, हेंही दिसतें.

आतां एक गोष्ट अशी आहे कीं, ती वाचून आमच्या मनांत थोडी खळबळ होते. १७४६ च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस न्यूकॅसलहून परततांना त्यांचा घोडा एकाएकीं फार लंगडूं लागला. काय झालें हें कोणास दिसेना. पाय जमिनीस टेकवणेंही त्यास कठीण झालें. अशा स्थितींत वेस्ली यांनीं त्याच्यावर बसून सात मैल काटले. ते स्वतःही थकले होते व डोकें फार दुखत होतें. तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, देव माणसाला किंवा जनावराला साधनांनीं अथवा साधनांवांचून बरें करूं शकत नाहीं काय? तत्क्षणीं त्यांची डोकेदुखी गेली आणि घोड्याचें लंगडणेंही थांबलें. तो त्या दिवशीं व दुसऱ्या दिवशींही नीट चालला. घडलें तें आपण लिहिलें, ज्यानें त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें अर्थ लावावा, असें ते म्हणतात. ही गोष्ट बहुधा प्रार्थनेच्या सामर्थ्याचें उदाहरण म्हणून सांगण्यांत येते, आणि त्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्या सात मैलांविषयीं कोणी बोलत नाहीं. बर्फांत घोडा हातीं धरणारा हाच मनुष्य त्या दिवशीं खालीं कां उतरला नाहीं? शरीर दुखत असलें म्हणजे दुसऱ्याचें दुखणें दिसत नाहीं, इतकेंच आम्हांस सुचतें. त्यांनीं हे मैल लपविले नाहींत, आंकड्यासह लिहून ठेविले, हें त्यांच्या प्रामाणिकपणास शोभतें.

त्यांची दुसरी एक संवय प्रसिद्ध आहे. ते घोड्यावर बसून वाचीत असत. इतिहास, काव्य, तत्त्वज्ञान हीं पुस्तकें त्यांनीं बहुतेक खोगिरावरच वाचलीं. हात पुस्तकांत गुंतल्यामुळें लगाम घोड्याच्या मानेवर सैल पडे. आपण वाचीत असतांना घोडा अडखळत कसा नाहीं, याचा ते विचार करूं लागले, आणि १७७० सालीं त्यांनीं आपला निर्णय लिहिला: एक लाखाहून अधिक मैलांत सैल लगामानें चालणारा घोडा पडल्याचें किंवा मोठा अडखळल्याचें त्यांना आठवत नव्हतें, अपवाद दोनच घोड्यांचा, आणि ते कसेही धरले असते तरी पडलेच असते. लगाम ओढून धरल्यानें घोडा सांवरतो ही समजूत ते अगदीं चुकीची ठरवितात. याचें कारण कठीण नाहीं. घोडा आपला तोल मान व डोकें खालींवर करून राखतो. तोंड वर ओढून धरलें म्हणजे त्याला पायाखालची जमीनही नीट दिसत नाहीं व पाय घसरल्यास सांवरतांही येत नाहीं. अर्थात् सर्व पडणें टळलें असें नव्हे. १७६५ च्या डिसेंबरांत लंडनच्या बरो भागांतून जातांना त्यांच्या घोडीचे पाय घसरले व ती त्यांच्या पायावर पडली. हात, छाती व गुडघा यांस मार लागून घोटा सुजला, तरी ते गाडी करून शोरहॅमला गेले.

म्हातारपणीं मित्रांच्या आग्रहावरून ते गाडींतून फिरूं लागले. १७८१ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर एक उपदेश केला आणि तो पुढच्या वर्षीं त्यांच्या मासिकांत छापला. सृष्टि कण्हत आहे, या विचारावरून ते म्हणतात कीं, मनुष्याच्या पापामुळें जनावरेंही दुःखांत पडलीं, आणि शेवटच्या उद्धारांत त्यांचाही वांटा आहे. धन्यासाठीं न थकतां राबणाऱ्या घोड्याचाही ते तेथें उल्लेख करितात. हें मत सर्वांस पटेल असें नाहीं. परंतु तें त्यांनीं केवळ वादासाठीं मांडलें नव्हतें. देवाची दया सर्व प्राण्यांवर आहे असें ज्यास कळलें त्याचें मन त्यांच्याविषयीं मऊ व्हावें, हा त्यांचा उद्देश होता.

१७९१ च्या फेब्रुवारीच्या २४ व्या तारखेस त्यांनीं पार्लमेंटचे सभासद विल्यम विल्बरफोर्स यांस पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध नेट धरण्यास सांगितलें. त्यानंतर सहाव्या दिवशीं, २ मार्च रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं ते प्रभूकडे गेले. १८२२ सालीं घोडे व गुरें यांस क्रूरपणें वागविणें हा गुन्हा ठरविणारा कायदा इंग्लंडांत झाला. आणि १८२४ सालीं आर्थर ब्रूम नांवाच्या एका पाळकाच्या पुढाकारानें लंडनांतील एका कॉफीगृहांत प्राण्यांचा छळ थांबविणारी मंडळी स्थापन झाली. त्या स्थापकांत विल्बरफोर्सही होते. ब्रिस्टलमध्यें वेस्ली यांनीं बांधलेलें प्रार्थनागृह अद्याप उभें आहे, आणि त्याच्या अंगणांत उपदेशकांच्या घोड्यांचा तबेलाही पाहावयास मिळतो.