कै. कॅप्टन उमरावसिंह, व्हिक्टोरिया क्रॉस

पलटणीत भरती होऊन परमुलखी लढायला गेलेले शेतकऱ्यांचे मुलगे आपल्याकडे गावोगाव होऊन गेले. अशांपैकी व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च लष्करी पदकाचे मानकरी यशवंत घाडगे व नामदेव जाधव ही नावे महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहेत. त्या दोघांनी इटलीच्या रणभूमीवर पराक्रम केला. त्यांच्याच काळात ब्रह्मदेशाच्या जंगलात तोच मान मिळविणारा हरियाणातील एक शेतकरी मात्र आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. त्यांचे नाव उमरावसिंह. पदकापूर्वीही ते शेतकरी होते व पदकानंतरही शेतकरीच राहिले.

उमरावसिंह यांचा जन्म 1920 साली झज्जरजवळील पलडा या खेड्यात एका अहीर शेतकरी कुटुंबात झाला. झज्जर हा आता स्वतंत्र जिल्हा असला तरी त्या काळी तो पंजाब प्रांतातील रोहतक जिल्ह्याचा भाग होता. जमीन थोडी व खाणारी तोंडे जास्त, अशी तिकडील बहुतेक घरांची स्थिती असे. त्यामुळे एक भाऊ नांगराला व एक पलटणीत ही तिकडची रीतच होती. आपल्याकडे सातारा भागात याहून वेगळे काही नव्हते. गावच्या शाळेत थोडेफार शिक्षण झाल्यावर 1939 च्या नोव्हेंबरात, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोनच महिने झाले असताना, उमरावसिंह लष्करात दाखल झाले. त्यांची नेमणूक पहाडी तोफखान्यात झाली.

पहाडी तोफखाना म्हणजे काय हे थोडे सांगणे जरूर आहे. जेथे गाडीरस्ता नाही तेथे तोफेचे भाग सुटे करून खेचरांच्या पाठीवर लादून न्यावे लागतात. एका तोफेला आठ खेचरे लागत. मुक्कामी पोचल्यावर ते भाग पुन्हा जोडून तोफ उभी करावयाची. हे काम अंगमेहनतीचे, आणि जनावर ओळखणाऱ्या माणसाचे. बैलामागे वाढलेल्या तरुणास ते परके वाटण्याचे कारण नव्हते. तीन वर्षांत उमरावसिंह हवालदार झाले व एका तोफेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

1944 च्या अखेरीस त्यांची 33 वी पहाडी बॅटरी आराकान प्रांतातील कलादान नदीच्या खोऱ्यात होती. त्या खोऱ्यात रस्ते नव्हते. धान्य व दारूगोळा विमानातून टाकला जाई. तेथे लढणाऱ्या 81 व्या डिव्हिजनचे शिपाई पश्चिम आफ्रिकेतील होते आणि उमरावसिंहांची तोफ गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, पायदळाला मदत देण्यासाठी अगदी पुढच्या फळीत लावलेली होती. कोठे झज्जर, कोठे घाना, कोठे जपान! तीन टोकांची माणसे चौथ्याच मुलखात एकमेकांसमोर उभी होती.

15 व 16 डिसेंबरच्या दरम्यान जपानी फौजेने या ठाण्यावर हल्ला केला. प्रथम दीड तासपर्यंत तोफा व उखळी तोफांचा मारा झाला. मग निदान दोन कंपन्या चालून आल्या. उमरावसिंहांनी स्वतः ब्रेनगन हाती घेतली, आपल्या गोलंदाजांच्या बंदुका कोठे चालवावयाच्या ते सांगत राहिले व शत्रूस मागे रेटले. त्यात हातबॉम्बच्या स्फोटांनी ते दोनदा जखमी झाले. दुसरी लाट आली. तीही परतविली, परंतु तोवर तोफेवर उमरावसिंह व आणखी दोन गोलंदाज एवढेच जिवंत उरले. बाकीचे सर्व तोफेभोवती पडले होते. गोळ्या संपत आल्या. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी झाडावयास काही उरले नाही, तेव्हा तोफ उचलताना लागणारा जड लोखंडी दांडा त्यांनी हाती घेतला. आपली पहार असते तसाच तो असतो. तो घेऊन ते शत्रूच्या घोळक्यात शिरले. तिघांना त्यांनी लोळविलेले इतरांनी पाहिले. मग त्यांच्यावर घावांचा वर्षाव झाला आणि ते दिसेनासे झाले.

सहा तासांनंतर आपल्या फौजेने प्रतिहल्ला करून ते ठाणे परत घेतले. तोफेजवळ उमरावसिंह बेशुद्ध सापडले. डोक्याच्या जखमांमुळे चेहरा ओळखू येत नव्हता, पण हातातील दांडा सुटला नव्हता. आसपास दहा जपानी सैनिक मरून पडले होते. तोफ शाबूत राहिली व त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

31 मे 1945 रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व हिंदी या दोन्ही तोफखान्यांत मिळून हवालदार दर्जाच्या जवानांपैकी हे पदक मिळविणारे उमरावसिंह एकटेच होत. लंडनच्या राजवाड्यात बादशहा सहावे जॉर्ज यांच्या हस्ते ते त्यांना देण्यात आले. देश स्वतंत्र झाल्यावरही ते भारतीय तोफखान्यात नोकरीस राहिले, सुभेदार मेजर या पदापर्यंत चढले व पुढे त्यांना मानद कॅप्टन करण्यात आले. ज्या तोफखान्याची शाळा नाशिकजवळ देवळालीस आहे, तोच हा तोफखाना.

निवृत्तीनंतर कॅप्टनसाहेब पलड्यास परतले. वाट्याची जमीन दोन एकर. एवढ्या जमिनीत घर कसे चालते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. संसार ओढगस्तीचाच राहिला. घरात मात्र एक वस्तू अशी होती, की जिच्यासाठी परदेशी संग्राहक मोठमोठ्या रकमा देऊ करीत. कांस्य धातूचे ते लहानसे पदक विकले असते तर विहीर, घर, मुलाबाळांचे सर्व झाले असते. उमरावसिंहांनी प्रत्येक वेळी नकार दिला. ते पदक विकणे म्हणजे त्या रात्री तोफेभोवती पडलेल्या सोबत्यांच्या मानाला डाग लावणे, अशी त्यांची भावना होती. पदक आपले एकट्याचे नव्हे, असे ते धरून चालले. हा हिशोब व्यवहारात बसत नाही, पण हाच मनुष्य ओळखण्याचा हिशोब आहे.

1995 साली महायुद्धाच्या समाप्तीस पन्नास वर्षे झाली म्हणून लंडनला समारंभ झाले. कॅप्टनसाहेब तेथे गेले असता मानकऱ्यांच्या मंडपापाशी त्यांना अडविण्यात आले, कारण यादीत नाव नव्हते. यादी ही वस्तू कोणत्याही देशात सारखीच! परंतु एका ब्रिगेडियरने छातीवरचे पदक ओळखले आणि त्यांना आदराने आत नेले. पाऊणशे वर्षांच्या या शेतकऱ्याने तेवढ्यावर समाधान मानले नाही. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांस मिळणारी सालीना रक्कम 1959 पासून 100 पौंडच राहिली होती. ती किती अपुरी आहे ही गोष्ट त्यांनी थेट ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्या कानावर घातली. त्याच वर्षी ती रक्कम 1300 पौंड करण्यात आली. त्याचा लाभ एकट्या उमरावसिंहांस नव्हे, तर इतर हयात मानकऱ्यांसही झाला. पदक विकावयाचे नाही, पण हक्काचे मागावयास लाजायचे नाही, हे दोन्ही त्यांच्या ठिकाणी होते.

पुढील दहा वर्षे ते आपल्या गावीच राहिले. एकेक करून या पदकाचे भारतातील इतर मानकरी गेले व अखेरीस भारतात हयात असलेले ते एकटेच उरले. 21 नोव्हेंबर 2005 रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, दिल्लीच्या लष्करी इस्पितळात त्यांचे देहावसान झाले. पार्थिव पलड्यास आणण्यात आले. पंचक्रोशीतील हजारो लोक जमले होते. लष्करी इतमामाने त्यांना त्यांच्याच गावच्या मातीत अग्नी देण्यात आला.