कोटाच्या अस्तरातला कागद

ब्लेझ पास्कल म्हटलं की सायन्सच्या मित्रांना दाबाचं एकक आठवतं आणि आपल्याला, फार तर, देवावर लावलेली पैज. देव असला तर सगळं मिळालं, नसला तर फारसं गेलं नाही, असा तो हिशेब. नुसती पैज वाचली तर माणूस व्यापारीच वाटतो.

त्याचा जन्म 1623 चा, फ्रान्समधल्या क्लेर्माँचा. तिसऱ्या वर्षी आई गेली. वडिलांनी मुलांना घरीच शिकवलं. पुढे वडिलांना रुआँला करवसुलीचं काम मिळालं. त्यांची न संपणारी आकडेमोड पाहून एकोणीस वर्षांचं हे पोर दातेरी चाकांचं बेरीज-वजाबाकीचं यंत्र करायला बसलं. 1648 मध्ये त्याने मेहुण्याला पाऱ्याची नळी देऊन प्वी द दोम डोंगरावर पाठवलं (स्वतःची तब्येत कायम तोळामासा!). माथ्यावर पारा सुमारे तीन इंच खाली उतरला. हवेला वजन आहे ते मोजून पटलं म्हणून मानायचं, थोरांनी सांगितलं म्हणून नव्हे, हा त्याचा बाणा.

आणि याच माणसाला 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री, साडेदहा ते साडेबारा, देवाचा असा काही अनुभव आला की तो त्याने तुटक शब्दांत कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. कोट बदलला की उसवायचा, पुन्हा नव्या कोटात शिवायचा. त्याच वर्षी तो फेर्माशी पत्रांतून जुगाराच्या डावाचं गणितही सोडवत होता, बरं का. त्याला दोन्हींत विरोध दिसला नाही. मोजता येतं ते मोजावं. बुद्धीची हद्द कुठे संपते हे बुद्धीनेच ओळखावं.

श्रद्धा म्हणजे मान डोलावणं, असंही त्याच्या लेखी नव्हतं. पोर-रोयालच्या मित्रांसाठी त्याने टोपणनावाने अठरा पत्रं लिहून जेझुइटांच्या सोयीस्कर नीतीची टर उडवली. जेझुइटांना त्याने न्याय दिला असं मला वाटत नाही, पण वाचताना हसू येतंच. 1657 मध्ये रोमने ती पत्रं निषिद्ध ग्रंथांत टाकली. तो ना पस्तावला, ना चर्च सोडून गेला. एक कॅथलिक म्हणून मी या ठिकाणी बराच वेळ अडकते.

19 ऑगस्ट 1662 ला, 39 व्या वर्षी तो गेला. श्रद्धेवरचं मोठं पुस्तक चिठोऱ्यांतच राहिलं, दोऱ्यात ओवलेलं. मित्रांनी ते 1670 मध्ये छापलं. कोटातल्या कागदाबद्दल घरात कोणालाच माहीत नव्हतं. मृत्यूनंतर काही दिवसांनी एका नोकराच्या हाताला अस्तर जरा जाड लागलं.