पडद्यामागे कोण?

मुलांनो, समजा तुम्ही एका खोलीत बसला आहात. शेजारी दोन बंद खोल्या आहेत. एकीत माणूस आहे, दुसरीत यंत्र. कोण कोणत्या खोलीत आहे, हे तुम्हांला ठाऊक नाही. चेहरा दिसत नाही, आवाजही ऐकू येत नाही. तुम्ही प्रश्न टाईप करून पाठवायचे आणि दोन्हींकडून टाईप केलेली उत्तरे यायची. नुसत्या उत्तरांवरून माणूस कोणता आणि यंत्र कोणते, हे तुम्हांला ओळखता येईल का?

हा प्रश्न १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने जगापुढे ठेवला. त्या वेळी साऱ्या जगात मोजकेच संगणक होते आणि एकेका संगणकाला मोठी खोली लागत असे.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्याच्या घराण्याचा आपल्या देशाशी जवळचा संबंध होता. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत मद्रास इलाख्यात अधिकारी होते. आईचे वडील मद्रासच्या रेल्वेत मुख्य अभियंता होते. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले विलायतेत, अशी त्या काळच्या अनेक इंग्रज कुटुंबांची रीत होती. ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ हे दोघे इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढले. आईवडील रजेवर आले म्हणजे भेट होई.

शाळेत ॲलनचे अक्षर वाईट होते. वह्यांवर शाईचे डाग पडलेले असत आणि शिक्षक नाराज असत. पण मुलगा जिद्दी होता. १९२६ साली शेरबोर्न येथील शाळेत जायच्या पहिल्याच दिवशी देशभर संप सुरू झाला. आगगाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा ॲलन सायकलवर बसला, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि सुमारे ९६ किलोमीटर अंतर तोडून शाळेत हजर झाला.

याच शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा जिवलग मित्र मिळाला. दोघे मिळून गणित आणि तारे यांविषयी तासन्‌तास बोलत. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयरोगाने वारला. ॲलनला हा धक्का फार मोठा होता. पुढे कित्येक वर्षे तो मित्राच्या आईला पत्रे लिहीत राहिला. मनाचे आणि शरीराचे नाते काय, शरीर गेल्यावर मन कोठे जाते, असे प्रश्न त्याला छळत असत. मन म्हणजे काय, हा प्रश्न त्याला पुस्तकात नव्हे, दुःखात भेटला, असे मला वाटते.

केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ट्युरिंग गणितज्ञ झाले. १९३६ साली त्यांनी एक कल्पना मांडली. एक लांबच लांब फीत आहे. तिच्यावर चौकोन आखले आहेत. प्रत्येक चौकोनात एखादे चिन्ह असेल किंवा तो कोरा असेल. यंत्र एका वेळी एकच चौकोन वाचते, चिन्ह पुसते किंवा लिहिते आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. बस, एवढेच! तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. हे यंत्र दोन्ही वाटांनी चालते. नियमांची यादी पुरवली, तर पायरीपायरीने करता येणारे कोणतेही गणित असे एकच यंत्र करू शकेल, हे ट्युरिंग यांनी सिद्ध केले. आजच्या प्रत्येक संगणकाच्या मुळाशी ही कल्पना आहे. गंमत अशी, की तेव्हा इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरत.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने गुप्त लिपीत पाठवी. गुप्तलिपीला इंग्रजीत सायफर म्हणतात. हा शब्द अरबी सिफ्रपासून आला. तुम्ही उर्दूत शून्याला सिफर म्हणता, तोच हा शब्द. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्त लिपी उलगडावी, ही युक्ती बगदादच्या अल-किंदी यांनी नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. पण एनिग्मापुढे ती चालेना. कारण प्रत्येक अक्षर दाबले की आतली चाके फिरत आणि तेच अक्षर पुढच्या वेळी वेगळे होऊन बाहेर पडे.

ट्युरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात दाखल झाले. पोलंडच्या गणितज्ञांनी एनिग्माचे कोडे आधी बरेच सोडवले होते आणि आपले ज्ञान इंग्रजांच्या हवाली केले होते. त्यावर ट्युरिंग यांनी आपल्या यंत्राची रचना उभी केली. या यंत्राला बॉम्ब म्हणत. पण ते फुटणारे नव्हते, शोधणारे होते. एनिग्मात एक कच्चा दुवा होता. कोणतेही अक्षर कधीही स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. संदेशात अमुक शब्द असावा असा अंदाज करायचा, तो या नियमात बसतो का ते पाहायचे आणि चाकांच्या असंख्य मांडण्यांतून चुकीच्या मांडण्या यंत्राकडून बाद करून घ्यायच्या, अशी ती रीत होती. इंग्लंडला धान्य आणि इंधन समुद्रमार्गे येई आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत. पाणबुड्यांचे संदेश वाचता येऊ लागले, तेव्हा अनेक जहाजे वाचली.

ट्युरिंग स्वभावाने विक्षिप्त होते. चहाचा कप कोणी नेऊ नये म्हणून ते तो साखळीने बांधून ठेवीत. परागकणांचा त्रास होऊ नये म्हणून तोंडावर गॅसमास्क चढवून सायकल चालवीत. धावण्यात मात्र ते पटाईत होते. १९४७ साली त्यांनी मॅरेथॉनची शर्यत २ तास ४६ मिनिटांत पुरी केली.

युद्धानंतर ते संगणक बांधण्याच्या कामाला लागले आणि १९४८ पासून मँचेस्टर येथील विद्यापीठात राहिले. तेथेच त्यांनी तो प्रसिद्ध लेख लिहिला. यंत्र विचार करू शकते का, असे विचारून काही उपयोग नाही, कारण विचार म्हणजे काय यावरच आपले एकमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी यंत्राशी संवाद करून पाहावा. उर्दूत ज्याला तुम्ही गुफ्तगू म्हणता, तेच.

लेखात त्यांनी संवादाचा नमुना दिला आहे. प्रश्न करणारा एका पुलावर कविता मागतो. उत्तर येते, की कविता करणे आपल्याला जमत नाही. मग ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. पलीकडे सुमारे अर्धा मिनिट शांतता. मग उत्तर येते, १०५६२१. वही काढा आणि करून पाहा. खरे उत्तर १०५७२१ आहे! ट्युरिंग लेखात पुढे सांगतात, की यंत्राने मुद्दाम बेरीज चुकवावी. नाहीतर त्याच्या अचूकपणावरूनच ते पकडले जाईल.

यावर पुष्कळ आक्षेप आले. मँचेस्टरचेच एक मेंदूचे शस्त्रवैद्य म्हणत, की मनातल्या भावनेतून कविता लिहीपर्यंत यंत्राला माणसाची बरोबरी करता येणार नाही. ट्युरिंग यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तुमच्या बाकावरच्या मित्राला खरोखर काही वाटते, हे तुम्हांला कसे कळते? त्याच्या मनात शिरून तुम्ही पाहिलेले नसते. त्याच्या बोलण्या-वागण्यावरूनच आपण ते मानतो. मग यंत्रालाच वेगळा न्याय का?

हे उत्तर मला पूर्णपणे पटत नाही. मित्र रडतो तेव्हा आपणही कधी रडलो होतो, हे आपल्याला आठवते. यंत्राच्या बाबतीत ती आठवण कोठून आणायची? पण ट्युरिंग यांना चूक ठरवणेही सोपे नाही. थोरांच्या मनाची नक्कल करण्यापेक्षा लहान मुलासारखे यंत्र बनवावे आणि त्याला शाळेत शिकवावे तसे शिकवावे, असेही त्यांनी सुचवले होते.

यानंतर थोड्याच काळात त्यांच्यावर संकट आले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये दोन पुरुषांमधील प्रेमसंबंध हा गुन्हा मानत. १९५२ साली ट्युरिंग यांच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे औषध घ्यावे लागले. सरकारच्या गुप्त कामाची दारेही त्यांना बंद झाली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४१. त्यांनी स्वतःच विष घेतले, असा सरकारी चौकशीचा निर्णय झाला. आईने मात्र तो शेवटपर्यंत मानला नाही. हा प्रयोग करतानाचा अपघात होता, असे ती म्हणे. तिने १९५९ साली मुलाचे चरित्र लिहिले, पण त्यात ब्लेचलीचे खरे काम येऊ शकले नाही. ते १९७४ पर्यंत गुप्त होते. देशाला वाचवणाऱ्या माणसाला देशाने कसे वागवले, हे लोकांना उशिरा कळले. २००९ साली इंग्लंडच्या पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३ साली राणीने त्यांना माफी दिली आणि २०२१ साली ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

त्यांचा खेळ मात्र चालूच राहिला. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम तयार केला. तो समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारी. आई रागावते असे लिहिले, की घरातल्यांविषयी आणखी सांगा, असे म्हणे. त्याला काहीही समजत नव्हते. तरी वायझेनबाउम यांच्या सचिव बाई त्याच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. तो नुसता प्रोग्रॅम आहे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. वायझेनबाउम यांना या प्रकाराची धास्तीच वाटली.

पन्नास वर्षांत पाच मिनिटांच्या संवादानंतर दहांपैकी तीन वेळा तरी माणूस फसेल, असा ट्युरिंग यांचा अंदाज होता. २००० साल उजाडले तरी तसे घडले नाही. पुढे २०२५ साली कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी पाच मिनिटांचा हाच खेळ मांडला. त्यात एका प्रोग्रॅमला १०० पैकी ७३ वेळा माणूस समजले गेले. म्हणजे खऱ्या माणसापेक्षा तोच अधिक खरा वाटला. मात्र त्याला आधी सांगून ठेवले होते, की तू लाजाळू तरुण आहेस, तसाच बोल. हे सोंग न देता तोच प्रोग्रॅम बसवला, तेव्हा तो १०० पैकी ३६ वेळाच माणूस ठरला.